पोटशूळ आणि अश्वपालक
(विंचूर येथील अश्वपालक मेळाव्यात एका पशुवैद्यकाने केलेले भाषण)



विंचूर हे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे गाव. १७६१ मध्ये पानिपतावर लढलेल्या या सरदारांचे बळ घोडदळात होते. आज घोडा वरातीत दिसतो. त्याच्यावर प्रपंच चालविणारी कुटुंबे आपल्यातच आहेत.

घोड्यांच्या वैद्यास आपण सालोत्री म्हणत असू. आद्य अश्ववैद्य शालिहोत्र यांच्यावरून आलेले हे नाव मला सदैव प्रिय वाटत आले आहे. या व्यवसायात रात्री-अपरात्री बोलावणे येते ते बहुधा पोटशूळासाठी. घोड्यास उलटी होत नाही. त्यामुळे पोटात कोंडलेला वायू अथवा चारा तोंडावाटे बाहेर पडत नाही. जनावर वारंवार कुशीकडे पाहते, पाय आपटते, लोळते, लीद थांबते.

अशीच एक घोडी मी गमावली. मालकाने रात्रभर नळकांड्याने काढे पाजले होते. ते फुप्फुसात उतरले. पहाटे मी पोहोचलो तेव्हा उपाय उरला नव्हता. त्या घराचे लग्नसराईतील सारे उत्पन्न तिच्यावर अवलंबून होते.

म्हणून विनंती एवढीच : लक्षणे दिसताच चारा बंद करावा, तोंडाने काहीही पाजू नये आणि दवाखान्यात तत्काळ निरोप धाडावा.