खेड्यात जुन्या पुस्तकांचे दुकान
(केंद्र संमेलनातील भाषण)



वेल्समध्ये वाय नदीच्या काठी हे-ऑन-वाय नावाचे लहानसे गाव आहे. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच रिचर्ड बूथ या तरुणाने तेथे अग्निशामक दलाच्या जुन्या इमारतीत वापरलेल्या पुस्तकांचे दुकान मांडले. बंद पडलेल्या ग्रंथालयांचे संग्रह त्याने थेट अमेरिकेतूनही आणविले. पुढे गावात दुकानामागून दुकान निघाले. (१ एप्रिल १९७७ रोजी या गृहस्थाने स्वतःस गावचा राजा म्हणवून घेतले, तो थट्टेचा भाग सोडून देऊ.) त्याच गावावरून स्फूर्ती घेऊन ४ मे २०१७ रोजी सातारा जिल्ह्यातील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे घराघरांत बसून विनामूल्य वाचता येते. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु तेथील पुस्तक वाचून जागेवर ठेवावयाचे असते. मला बोलावयाचे आहे ते विकत घेतलेल्या पुस्तकाविषयी.

आपल्या शाळेतील कपाट आठवा. पुस्तके आहेत, पण कुलूपही आहे. पुस्तक हरवले तर साठा नोंदवहीपुढे जाब आपणांस द्यावा लागतो. म्हणून मुलांस ते देताना हात आखडतो. मीही अनेक वर्षे किल्ली खिशात बाळगली. एका तपासणीत सारी पुस्तके कोरी करकरीत निघाली आणि ‘उत्तम’ असा शेरा मिळाला. त्या शेऱ्याची आज मला लाज वाटते.

पाच-दहा रुपयांच्या जुन्या पुस्तकास हे भय नाही. ते मुलाचे स्वतःचे. पावसात भिजले, धाकट्या भावंडाने त्यावर रेघोट्या ओढल्या, तरी विचारणारे कोणी नाही. वाचून झाल्यावर निम्म्या किमतीस परत घेण्याची सोय ठेवली, की थोडके भांडवलही फिरत राहते.

दुकानास इमारत लागत नाही. बाजाराच्या दिवशी बांगड्यांच्या पालाशेजारी एक गोणपाट पुरे. शहरात रद्दीवाले पुस्तके वजनावर घेतात; तिकडे नोकरीस असलेल्या गावकऱ्यांनी येताना त्यांतून एकेक पिशवी निवडून आणावी. गोष्टी, चरित्रे, शेतीची पुस्तके, जुने दिवाळी अंक, सारे चालेल. गाईडे मात्र घेऊ नयेत. ती शिरली की इतर पुस्तकांना जागा उरणार नाही. शाळेच्या मालकीचे एकही पुस्तक त्यांत जाता कामा नये. सेवानियमांनुसार पूर्वपरवानगीवाचून आपणांस व्यापार करता येत नाही. तेव्हा विक्री गावातील एखाद्या गरजू तरुणाने वा भगिनीने करावी, निवड आपण करावी.

आरंभी तीस-चाळीस पुस्तके पुरेत. त्यांतील दहा तरी दुसरी-तिसरीच्या मुलांस स्वतः वाचता येतील अशी, ठसठशीत अक्षरांची असावीत.