दोन दिवस पाणी भरून ठेवा
पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं. त्याच्या वसाहतींतली जुनी घरं आता दुरुस्तीला आली आहेत, मोशी-चाकणच्या नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरची कामं निघतायत. घरदुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना काम भरपूर आहे. अडतं ते विश्वासावर. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स बसवण्याआधी, पाणी जायच्या भोकात बोळा घालून दोन दिवस पाणी भरून ठेवा. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांचं कोरडं छत दाखवा. पुढचं काम बहुतेक त्याच सोसायटीतून येतं! अंदाजपत्रक लेखीच द्या, सिमेंट-टाइल्सच्या ब्रँडसकट. भांडवल हवंय? गवंडी आणि सुतारांना पीएम विश्वकर्मा योजनेत पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.