फाटकाच्या आत कॅमेरा

(विद्यार्थ्यांच्या फिल्म-शिबिरात केलेलं भाषण)



तुमच्या वीस मिनिटांच्या फिल्मची कथा माझी, म्हणून मला इथं उभं केलंय. मी फिल्म शिकलेलो नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो, ठेकेदाराकडे. पाळी सुटली की कविता लिहितो. पण परवा तुम्ही फिल्मच्या सुरुवातीचा आराखडा वाचून दाखवलात आणि तेव्हापासून डोकं भणाणलंय. तेवढ्यावरच बोलतो. पहिल्या दोन मिनिटांवर. बाकीची अठरा तुमची तुम्ही बघा.

आराखडा असा: आधी ड्रोन. वरून वस्ती, पत्रे, निळी ताडपत्री. मग बासरी. मग गटाराकडेला नागडं पोर. मग खोकणारा म्हातारा. मग गोदीच्या फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर, आणि त्यात आपल्या कथेतला बाप, मान खाली घातलेला. वर तुमची नावं.

मला सांगा, ड्रोनमधून कोण बघतंय? घार बघते, नाहीतर बिल्डर बघतो. वस्तीतल्या माणसानं आपलं घर वरून बघितलेलं नसतं. तो गॅलरीतून बघतो, खिडकीतून बघतो, नळाच्या रांगेतून बघतो. पहिल्याच शॉटला तुम्ही प्रेक्षकाला बिल्डरच्या खांद्यावर बसवलंत, की पुढं वीस मिनिटं तो खाली उतरत नाही. कीव करील फार तर. कीव करायला उतरावं लागत नाही.

फाटकाची गोष्ट तर फारच जुनी. सिनेमा जन्मला तोच फाटकासमोर. फ्रान्समधल्या लियाँ शहरात ल्युमिएर बंधूंचा फोटोच्या काचा बनवायचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी कॅमेरा लावला तो स्वतःच्याच कारखान्याच्या दारासमोर. दार उघडतं, कामगार बाहेर येतात, बहुतेक बायाच. मिनिटही पुरं होत नाही तर पट्टी खलास. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ झाला त्यात ही फिल्म होती. गंमत पुढंच आहे. या फिल्मच्या तीन आवृत्त्या आहेत. एकीत गाडीला एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत घोडाच नाही. म्हणजे त्यांना पुन्हा पुन्हा बाहेर यायला लावलं! सिनेमाच्या पहिल्याच वर्षात रिटेक, आणि कॅमेऱ्यामागे खुद्द मालक. नाही कोण म्हणेल?

तीच फिल्म ७ जुलै १८९६ ला मुंबईत आली. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, तिकीट १ रुपया. त्या वेळी प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक भरात होते, हॉटेलापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आत लोक एक रुपया देऊन फ्रान्सचे कामगार बघतायत आणि इकडं मुंबईचा हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चालतोय.

पण मुद्दा वेगळा आहे. फाटकासमोर कॅमेरा ठेवला की काम दिसत नाही. काम संपलेली माणसं दिसतात, तीही गर्दी म्हणून. जर्मनीच्या हारून फारोकीनं १९९५ साली याच फाटकाच्या दृश्यावर एक अख्खी फिल्म केली, शंभर वर्षांतली फाटकं एकापुढं एक जोडून. मिळाली तर बघा. बघून झाल्यावर तुमचा आराखडा पुन्हा वाचा.

आपल्याकडची सुरुवात बघू. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, गिरगावचं कॉरोनेशन. आज उरलेल्या रिळांत सुरुवातीलाच राजा मुलाला धनुष्यबाण शिकवताना दिसतो. धनुष्यबाण शिकायचा हक्क कुणाला आणि अंगठा कुणाचा गेला, ते तुम्हाला सांगायला नको. आता नागराज मंजुळेची ‘फँड्री’ घ्या, २०१३. बरोबर शंभर वर्षं. सुरुवातीला काय? पोराच्या हातात गलोल, आणि ते काळ्या चिमणीच्या मागं. त्याला कुणी शिकवलं नाही, शेजारी राणी उभी नाही. पण पोराला काहीतरी हवंय, हे पहिल्या क्षणापासून कळतं. त्याची गरिबी मागं आपोआप दिसते, तिच्याकडं बोट दाखवावं लागत नाही. आणि त्या हातानं नेम धरलेला आपण सुरुवातीलाच बघितलेला असतो म्हणून शेवटी दगड कॅमेऱ्यावर येतो तेव्हा तो लागतो. नेम आधी दाखवला नसता तर तो नुसता राग झाला असता.

हे पैशावर अडत नाही. याच मंजुळेनं ‘पिस्तुल्या’ २००९ ला केली ती शिकत असताना, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणेची ‘कोर्ट’, २०१४, तिची सुरुवात बघा. वीरा साथीदार यांनी केलेला म्हातारा शाहीर घरात पोरांची शिकवणी घेतोय. मग बसनं जातोय. मग स्टेजवर गातोय. मग पोलीस. कॅमेरा लांब उभा, हलत नाही, कुणाच्या अंगावर धावून जात नाही. त्या माणसाला काय काय येतं ते आधी दिसतं, त्याला काय भोगावं लागतं ते नंतर. क्रम महत्त्वाचा आहे रे. तुमच्या आराखड्यात बाप आधी भोगतोच आहे. त्याला येतं काय, याचा पत्ता नाही.

आता म्हणाल, गोदीत कॅमेरा नेऊ देत नाहीत. खरंय. पास असल्याशिवाय माणूस आत जात नाही, तिथं तुमचा कॅमेरा कुठं. मग काम बाहेर आणा. कसं ते सांगतो.

कथेतला बाप गँगमध्ये क्रेनवाल्याला इशारे देतो. जहाजाच्या पोटात काय चाललंय ते क्रेनवाल्याला दिसत नाही आणि आवाज तर कुणाचाच कुणाला येत नाही. काठावर उभ्या माणसाच्या हातावर सगळा खेळ. आमच्या गँगमध्ये बोट वर करून फिरवलं की उचल, बोट खाली करून फिरवलं की सोड, मूठ आवळली की थांब. मूठ आवळायला उशीर झाला तर खालचा माणूस घरी जात नाही. हे कसब आहे. या कसबावर फिल्म उघडा.

पडदा काळा. चार सेकंद नुसता आवाज, कठड्यावर दोरी घासल्याचा. मग पोरीचे हात, बोटावर पेनाचा डाग, दोरी सोडतायत. मग खाली चाळीच्या चौकात एक हात, बोट खालच्या बाजूला गोल फिरतंय. चेहरा दाखवू नका अजून. दोरीला बांधलेली पिशवी तीन मजले उतरते. हात मूठ आवळतो, पिशवी छातीपाशी थांबते. अचूक. बाप डबा काढून घेतो. प्रेक्षकाला भाषा शिकवून झाली, एक शब्द न बोलता.

डब्याखाली कागद. पोरीच्या कॉलेजचा फॉर्म. वर पोरगी पिशवी ओढायला लागते. तेवढ्यात बापाची मूठ पुन्हा वर. पोरगी थांबते. पिशवी मधेच लोंबतेय. फॉर्मवर रकाना आहे: पालक नोकरी करत असलेल्या आस्थापनेचं नाव. ठेकेदार दर काही महिन्यांनी बदलतो, काय लिहायचं? हे कुणी बोलायचं नाही. बाप फॉर्मची घडी करून खिशात घालतो. मूठ अजून वरच. आणि आता त्याचा चेहरा पहिल्यांदा, वरून, पोरीच्या डोळ्यांतून. तुम्हाला वरचा शॉट हवा होता ना? हा घ्या. फिल्मचं नाव इथं.

कुणीतरी विचारलं होतं, लोकांना कळेल का? कळेल. इशारा पहिल्यांदा होतो तेव्हा त्याचा परिणाम लगेच दाखवा, म्हणजे दुसऱ्यांदा नुसता इशारा पुरतो. फॉर्मचा रकाना पडद्यावर किती वेळ? मनातल्या मनात दोनदा सावकाश वाचून होईल एवढा. आणि दोरी हीच तुमची रेघ समजा. कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला ठेवा. बाप उजवीकडं वर बघत असेल तर पोरगी डावीकडं खाली बघेल. मधेच पलीकडं गेलात तर दोघं एकाच दिशेला बघतायत असं वाटेल आणि बापलेकीचं नातं तुटेल.

उजेडाचं बोलू. परवा तुम्ही काढलेली चाचणी बघितली. मागं आकाश पांढरं झकास आणि आमच्या माणसाचा चेहरा कोळसा. फोन स्वतःच उजेड ठरवतो आणि उजळ भागाला सांभाळतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड तिथं लॉक करा, आकाश जळालं तर जळू द्या. हा चेहऱ्याचा दोष नाही. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवायला कार्ड द्यायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. तिची कातडी नीट उमटली की रंग बरोबर. कित्येक वर्षं जगभरची माणसं त्या एका बाईच्या हिशेबानं छापली गेली. तेव्हा कुणी म्हणालं की काळा चेहरा कॅमेऱ्यात येत नाही, तर त्याला म्हणावं, कॅमेरा शिकलास का आधी?

आवाजाला दुसरा फोन ठेवा, माणसाजवळ, फ्रेमच्या बाहेर. दोन्ही फोन चालू करून एक टाळी वाजवा, नंतर जुळवायला सोपं. चाळीचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा भरून घ्या, कुकर, नळ, कुणाचा रेडिओ. बासरी नको म्हणजे नको. आमच्या दुःखाला बासरी कोणी लावली हे एकदा शोधून काढायला पाहिजे.

आपल्याच एका साथीचं म्हणणं आहे, सुरुवातीला भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर झूम करू. फोटो आहे भिंतीवर. पोरगी आत जाऊन फॉर्म आणते तेव्हा मागं दिसेलच. त्याच्यावर झूम करू नका. आपण आपल्या घरात फिरताना त्याच्यावर झूम करतो का? नाही. तो असतो.

आणि बापाचं काम माझ्या गँगमधला माणूस करणार आहे, नट नाही. नटाला ते बोट फिरवता येणार नाही, महिन्याभराच्या तालमीनंही. पण त्याचा खाडा झाला तर हजेरी बुडते. ती हजेरी फिल्मच्या पैशातून द्यायची, आधी द्यायची, उपकार केल्यासारखं नाही. श्रेयनामावलीत त्याचं नाव तुमच्याएवढ्याच अक्षरात. रिटेक किती घ्यायचे ते त्याला विचारून. डबा थंड होईपर्यंत त्याला उभा ठेवू नका, तो पाळीवर जायचाय.

रविवारी सकाळी सव्वासहाला या. चौकात सातपर्यंत उजेड मऊ असतो, नंतर वरच्या मजल्यावर ऊन आणि खाली अंधार, फोनला दोन्ही झेपत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना सांगून ठेवलंय, त्या नळ सुटायच्या आत गॅलरी मोकळी करून देतील. पिशवी जुनी आणा. दोरी मी आणतो. नायलॉनची नको, ती चमकते, आणि कठड्यावर घासली तरी तिचा आवाज येत नाही. काथ्याची आणतो.