गुडघ्यातील तुटलेला बंध
(सिहोरा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दिवाळी सरली की आपल्या भागात मंडईचे दिवस येतात, कबड्डीची मैदाने आखली जातात आणि त्याच सुमारास एखादा तरुण लंगडत घरी येतो. चढाईत पाय रोवलेला राहतो, अंग मात्र वळते. ‘कट्’ असा आवाज होतो व काही तासांतच गुडघा सुजतो. मग मालीश सुरू होते! इतक्या लवकर आलेली सूज ही बहुधा सांध्यात रक्त उतरल्याची खूण असते. तीवर चोळणे म्हणजे शब्दशः आगीत तेल ओतणे होय. विश्रांती, बर्फ आणि तुमसर, भंडारा वा नागपूर येथील अस्थिरोगतज्ज्ञ, हाच मार्ग.

गुडघ्यात दोन बंध एकमेकांस छेदून जातात. पुढचा बंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. तो पूर्ण तुटल्यास सहसा आपोआप सांधत नाही. सांध्यातील द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही. लीड्सच्या मेयो रॉब्सन यांनी १८९५ मध्ये तो शिवून पाहिला. १९१७ मध्ये अर्नेस्ट हे-ग्रोव्हज यांनी मांडीच्या आवरणपट्टीपासून नवा बंध घडविला. आज दुर्बिणीच्या साहाय्याने हाडांत बोगदे पाडून बहुधा रुग्णाचीच कंडरा तेथे बसवितात.

प्रत्येकास शस्त्रक्रिया हवीच असे नाही. कित्येकांचे व्यायामाने भागते. परंतु रोवणीच्या चिखलात गुडघा वारंवार दगा देत असेल, तर आतील कूर्चेची गादी फाटत जाते व ऐन उमेदीत सांधा झिजतो.

शस्त्रक्रियेहून कठीण काळ पुढचा. नव्या रक्तवाहिन्या शिरेपर्यंत बसविलेली कंडरा काही आठवडे उलट दुबळी होते, आणि नेमकी तेव्हाच वेदना ओसरलेली असते. रोगी स्वतःस बरा समजून बांधावरून उडी घेतो! खेळासाठी किमान नऊ महिने थांबावे लागते.

खेळणाऱ्या मुलींत ही इजा मुलांहून अधिक आढळते. तथापि सोयरिकीच्या भीतीने ती घरात दडविली जाते. कुस्तीगीर विनेश फोगाट यांचा गुडघा २०१६ मध्ये रिओ येथे जायबंदी झाला. २०१८ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये गुडघा पुन्हा दुखावला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढील ऑगस्टमध्ये त्यांनी पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. तेथे त्या अपात्र ठरल्या त्या वजनामुळे, गुडघ्यामुळे नव्हे.