हाकेने मोजलेला हिमप्रदेश



जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीचा एखादा गुराखी डोंगराच्या कुशीत हाक घालतो, तेव्हा पहिला पडसाद सर्वांत जवळच्या कड्यावरून येतो. त्यास लागलेल्या वेळावरून कड्याचे अंतर सांगता येते. दक्षिण ध्रुवाभोवतालच्या हिमप्रदेशाची उंची आज याच तत्त्वाने मोजली जाते.

भारत व फ्रान्स यांचा ‘सरल’ हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून तो रेडिओलहरी खाली धाडी आणि त्यांच्या परतीचा काळ मोजी. हा काळ सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून किंचित अधिक. त्यात सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तरी उंचीत १५ सेंटिमीटरांचा फरक पडतो.

घड्याळ अचूक असले, तरी बर्फ फसवतो. उतारावर पहिला पडसाद बरोबर खालून न येता बाजूच्या उंचवट्यावरून येतो. ती चूक उताराचे गणित करून काढावी लागते. शिवाय लहरी भुसभुशीत हिमात शिरतात व पृष्ठभाग आहे त्याहून खाली भासतो. ‘सरल’च्या लहरी सुमारे ८ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे आधीच्या उपग्रहांच्या लहरींहून आखूड असल्याने हिमात कमी खोल जात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? दक्षिण ध्रुवखंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. तेवढ्या विस्तारावर एका सेंटिमीटरची चूक म्हणजे १४० घन किलोमीटरांचा खोटा जमाखर्च होय. आणि त्या खंडावरील जो बर्फ खरोखरच घटतो, त्याचे पाणी अखेर कोकणच्या किनाऱ्यालाही भिडते.