शिक्का आणि मोर्तब
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाचं बोधचिन्ह करायचं काम माझ्याकडे आलं, ते मी कॉम्प्युटरवाली म्हणून. चित्रकलेत मी कशीबशी पास व्हायचे, हे सरांना आठवत असेल. तरी एका रात्रीत केलं. पुस्तक, समई, उगवता सूर्य, कपाशीचं बोंड, मोसंबी, सगळं घातलं. ग्रुपवर टाकताच एकानं विचारलं, "हे शाळेचं आहे का खताच्या पिशवीवरचं?"

मग मी राजमुद्रा नीट पाहायला बसले. शिवाजी महाराजांची मुद्रा आपण गाड्यांच्या काचांवर रोज बघतो, वाचत मात्र नाही. तिच्यात सिंह नाही, हत्ती नाही, तलवार नाही. आठ बाजूंची चौकट आणि आत संस्कृत अक्षरं, बस्स. जिजाऊंची मुद्रा फारसीत होती, त्या काळची कागदोपत्री रीतच ती. मुलाच्या मुद्रेत भाषा बदलली. अर्थ असा, की प्रतिपदेच्या कोरीसारखी वाढत जाणारी, जगानं वंदिलेली शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोकांच्या भल्यासाठी आहे. प्रतिपदेची कोर डोळ्यांना दिसते न दिसते. रांझे गावच्या पाटलाविषयीच्या १६४६ च्या पत्रावर ही मुद्रा आहे आणि राज्याभिषेक १६७४ चा! अठ्ठावीस वर्षं आधीच ती उमटत होती.

आपल्या आजोबांनी १९४८ पर्यंत वेगळंच चिन्ह पाहिलं. निजामाच्या पिवळ्या झेंड्यावरचा गोल म्हणजे कुलचा, चक्क रोटी. एका सूफी संतानं पहिल्या निजामाला कुलचे दिले, त्याची ती आठवण, अशी दंतकथा आहे. मला ही कल्पनाही आवडते. खाल्ल्या अन्नाला जागणारं चिन्ह!

पण मी अडकले एका शब्दापाशी. शिक्कामोर्तब आपण एका दमात म्हणतो, पण ती दोन कामं. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला की मोर्तब. ही लहान मुद्रा. इथं पत्राची मर्यादा झाली, असं तिचे शब्द सांगतात. खाली कुणी दोन ओळी घुसडू नयेत म्हणून. आमच्याकडे डिजिटल सही हेच करते. सहीनंतर एक स्वल्पविराम हलवला तरी पडताळणीत पकडला जातो.

नवं चिन्ह साधं केलं. अष्टकोन घेतला नाही. २०२२ मध्ये तो नौदलाच्या निशाणावर आला, तिथं तो शोभतो. आपला एक गोल, आत शाळेचं नाव, खाली घनसावंगी आणि त्याखाली 'दहावी १९९६'. ते शेवटचे शब्द मी काल रात्री काढले.

आठवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण गणितात माझ्या पुढं होती. नववीत ती आली नाही, लग्न झालं. आपली यादी दहावीच्या निकालावरून केलेली, म्हणून तिला निमंत्रणच गेलं नाही. मी फोन केला तर म्हणाली, "मी कुठं गं तुमच्या बॅचची?" चिन्ह तर तेच सांगत होतं, आणि ते मी काढलेलं होतं.

ती आज आली आहे. तिसऱ्या रांगेत, खिडकीशेजारी. आम्ही दोघींनी सकाळी बसून आठवून आठवून अजून नऊ जणांची नावं लिहिली आहेत. कागद माझ्याकडे आहे. स्मरणिका छापायला जाण्याआधी संपादकांनी तो घ्यावा. तोवर यादीवर मोर्तब करू नका.