उगवल्यानंतरचे पंधरा दिवस



पावसाचा जोर ओसरला, हस्ताच्या सरी तेवढ्या राहिल्या, की हिवाळी फुलांचं बी टाकायचे दिवस येतात. ॲस्टर, पिटुनिया, डायँथस, फ्लॉक्स, साल्व्हिया, कॅलेंड्युला ही मंडळी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरली, की थंडीभर फुलतात. हौसेनं पाकिटं आणली जातात, आठवड्याभरात कोंब वर येतात, घरातले सगळे बघून जातात. आणि पुढच्या दहा-पंधरा दिवसांत निम्मी रोपं आडवी होतात. मग आपण बियाण्याला नावं ठेवतो. पण बी उगवलं, तिथं बियाण्याचं काम चोख झालं. चुकतं ते पुढं. बी असताना जे लाड केले, तेच आपण रोपाचेही चालू ठेवतो. बियाला ओल लागते, झाकण चालतं, सावली चालते. रोपाला ऊन लागतं, वारा लागतो आणि अधूनमधून सुकणारी माती लागते. कोंब दिसले, त्या दिवसापासून आपली रीत बदलली पाहिजे. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

सुरुवात बियाण्यापासून करू. पाकिटावरची तारीख वाचून घ्या. झेंडूचं बी कोरड्या जागी ठेवलं तर दुसऱ्या वर्षीही बरं उगवतं. ॲस्टरचं बी मात्र लवकर निकामी होतं, ते दरवर्षी ताजंच घ्यावं. शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत पाच-सहांना मोड आले, तर पेरताना बी थोडं दाट टाका. एक-दोनांनाच मोड आले, तर कुंडी अडवू नका. गोकर्णासारख्या कठीण सालीच्या बिया रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. तरी फुगल्या नाहीत, तर पॉलिश कागदावर हलकेच घासून पुन्हा भिजवाव्यात.

आता माती. बागेतली काळी माती रोपांसाठी वापरू नका. पाणी दिलं की ती घट्ट बसते, सुकली की वर कडक पापुद्रा धरते आणि कोवळा कोंब खालीच अडतो. अर्धवट कुजलेलं शेणखतही नको, त्यातून बुरशी आणि हुमणी दोन्ही येतात. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू, एवढं मिश्रण पुरतं. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. प्रो ट्रे मिळाला तर उत्तम, नाहीतर श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे चालतात. बुडाला भोकं मात्र हवीतच.

बी किती खोल टाकायचं? बियाच्या जाडीच्या दुप्पट, हा साधा हिशेब. झेंडू, ॲस्टर यांना वर अर्ध्या सेंटिमीटरचा थर पुरे. पिटुनियाचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास दाणे बसतात. ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरावं, नुसतं दाबावं, झाकू नये. त्याला उगवताना उजेड लागतो. सदाफुलीचं उलटं, तिला अंधार लागतो, म्हणून नीट झाकावं. नॅस्टर्शियम, लार्कस्पर आणि पॉपी यांना मुळं हलवलेली सोसत नाहीत. त्यांचं बी जिथं फुलायचं तिथंच टाका.

पेरल्यावर वरून तांब्यानं पाणी ओतलं, की बी एका कोपऱ्यात वाहून जातं. त्यापेक्षा डबा पाण्याच्या परातीत ठेवा. खालून ओल चढत वर आली, मातीचा रंग गडद झाला, की काढून निथळू द्या. वर वर्तमानपत्र झाका, पिटुनियावर मात्र नको. मुंग्या बी पळवत असतील, तर पाणी भरलेल्या थाळीत वाटी पालथी घालून त्यावर डबा ठेवा. झेंडू चार-सहा दिवसांत दिसतो, ॲस्टर आणि पिटुनियाला आठ-दहा दिवस लागतात.

आणि आता तो दिवस. पहिले कोंब दिसले, की कागद त्याच दिवशी काढायचा. उद्या काढू म्हटलं, तर रोपं उजेड शोधत लांब, फिकट, दोऱ्यासारखी होतात आणि नंतर कितीही ऊन दिलं तरी त्यांचा बांधा सुधारत नाही. पहिले दोन दिवस सकाळचं तासभर ऊन द्या, मग वाढवत तीन-चार तासांवर न्या. फ्लॅटच्या गॅलरीत उजेड एकाच बाजूनं येतो, तिथं डबा रोज फिरवा. कबुतरं, चिमण्या शेंडे टोचत असतील, तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा. त्यातून वाराही खेळतो.

पाणी सकाळीच द्यायचं. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं आणि बुरशीला नेमकं तेच हवं असतं. वरचा थर बोटाला कोरडा लागला, तरच पुढचं पाणी.

रोपं कोलमडण्याचा रोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. खोड मातीलगत पाणथळ, तपकिरी होतं, बारीक पडतं, आणि वरची पानं हिरवी असतानाच रोप आडवं होतं. एका जागी सुरू होऊन तो गोलाकार पसरत जातो. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींचं हे काम. आडवं झालेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. ते भोवतालच्या मातीसकट चमच्यानं उचलून टाका, पाणी थांबवा, डबा वाऱ्याला ठेवा. उरलेल्या रोपांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात बेतानं घालता येतं. पेरणीपूर्वी मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळलेलं असेल, तर आधी पाणी आणि वारा सांभाळून पाहा. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे, ताम्रयुक्त औषधानं तिचंही नुकसान होतं.

दाटीमुळेही हा रोग बळावतो. म्हणून विरळणी करा. जीव तुटतो खरा, पण दोन बोटांत एकच रोप ठेवा. जास्तीची रोपं उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. कात्रीनं मातीलगत कापा. तण कोणतं आणि रोप कोणतं, हे पहिल्या दोन पानांवरून कळत नाही, ती बीजपत्रं असतात. त्यानंतरची खरी पानं येऊ द्या. झेंडूची कातरलेली असतात आणि चुरडली की झेंडूचाच वास येतो.

खताची घाई नको. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, एवढं बस्स.

तीन-चार आठवड्यांत चार-पाच पानं आली, की रोपं हलवायला तयार होतात. त्याआधी पाच-सहा दिवस पाणी थोडं कमी, ऊन थोडं जास्त, म्हणजे ती काटक होतात. लावायची वेळ संध्याकाळची. त्या दिवशी सकाळी पाणी द्या आणि रोप पानाला धरून उचला. पान मोडलं तर नवं येतं, खोड चेपलं तर रोप गेलं. झेंडू थोडा खोल लावला तरी चालतो, त्याच्या खोडाला मुळं फुटतात. ॲस्टर होता तेवढ्याच खोलीवर लावा. जमिनीत उंच झेंडूला दीड फूट, बुटक्याला एक फूट अंतर ठेवा; दहा इंची कुंडीत एकच रोप.

थोडं हवामानाचं. विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, तिथं पॅन्सीसारखी थंडीची फुलं दिवाळीच्या सुमारास पेरलेली बरी. कोकणात पाऊस लांबतो. पागोळ्यांखाली डबे ठेवू नका, आणि रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचा. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल, तर त्याचं बी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवं, हे पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. तोरणातल्या सुकलेल्या फुलांचं बीही काही ठिकाणी उगवतं, पण ती फुलं बी पक्व होण्याआधीच तोडलेली असतात, आणि वाण संकरित असेल तर आईसारखं फूल येईलच असं नाही.

शेवटी एक सूचना. पाकीट एकदम रिकामं करू नका. अर्धं आज पेरा, उरलेलं घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवा आणि पंधरा दिवसांनी पेरा. पहिली खेप कोलमडली तर दुसरी हाताशी राहील, आणि दोन्ही जगल्या तर फुलांचा हंगाम तेवढाच लांबेल.